चौदा नंबरची जागा

"बाकांना साखळ्या कशाला रे?" ग्लेंडाने विचारलं.

नदीकाठच्या प्रत्येक जागेवर जेवायला एक लाकडी टेबल-बाक होतं, आणि प्रत्येक बाक जाड साखळीने जवळच्या झाडाला जखडलेलं होतं. द्वाड कुत्रं बांधावं तसं.

वेन्डेल खो खो हसला. बारा वर्षं तो या कॅम्पग्राउंडवर बायकोसह ट्रेलरमध्ये, गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, राहत होता. मालक शहरात असे, देखरेख सगळी वेन्डेलकडे. "चोर नाहीत हो इथं, मिस ग्लेंडा. बाकं आपली आपणच जातात. दोन-चार वर्षांनी नदीला हुक्की येते, मग खालच्या गावापर्यंत शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा साखळी बरी!"

"आणि माणसं?"

"माणसांना पाय आहेत की!" वेन्डेल म्हणाला आणि पुढे चालू लागला.

ग्लेंडा जागच्या जागीच उभी राहिली. सत्तावीस वर्षं तिने या डोंगराळ खोऱ्यात शाळेची बस चालवली होती. वळण दिसण्याआधी वळणापलीकडे काय असेल याचा विचार करायची तिची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तिने विजेच्या खोक्यांकडे पाहिलं. इतर ठिकाणी ती कमरेइतक्या उंचीवर असतात. इथे खांबावर, डोक्याच्याही वर ठोकलेली. स्नानघराच्या भिंतीवर छातीपर्यंत नवा रंग, त्याच्या वर जुना. मग तिने मान आणखी वर केली. चौदा नंबरच्या जागेवर एक पांढऱ्या सालीचं थोराड झाड होतं. त्याच्या बेचक्यात वाळलं गवत, काटक्या आणि निळ्या ताडपत्रीची एक चिंधी अडकली होती. तिथे हात पोचायला शिडीसुद्धा पुरली नसती.

पण जागा होती मात्र नजर लागावी अशी! इथल्या मे महिन्याचं कोवळं ऊन, खाली खळखळणारी टॅनर नदी, पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. काठाने पंधरा-सोळा ट्रेलर ओळीने उभे होते. उभे कसले, बसलेलेच. इथली रीतच तशी होती. एखादा इथला झाला, की तो ट्रेलरची चाकं काढायचा, खाली सिमेंटचे ठोकळे लावायचा, पुढे लाकडी ओटा बांधायचा, ओट्यावर फुलांच्या कुंड्या. चाकं ट्रेलरखाली रचून ठेवायची. ज्याची चाकं अजून जागेवर, तो पाहुणा. त्याच्याशी लोक गोड बोलायचे, पण पत्त्यांच्या डावाला बोलवायचे नाहीत.

ट्रेलर ओढणाऱ्या छोट्या ट्रकमध्ये हर्शेल बसला होता, तिचा नवरा; इकडे मान द्यायला लग्न झालेल्या बाईलाही 'मिस'च म्हणत. खिडकीची काच पूर्ण खाली, नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर छोटं यंत्र. अडतीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेली आणि खाण त्याच्या छातीत राहिली. डॉक्टर म्हणाले होते, हा उन्हाळा निघेल, पुढचं आम्ही बोलत नाही. त्या दोघांनी घर मोडलं, ट्रेलर घेतला, आणि हर्शेलने एकच गोष्ट मागितली. आयुष्यभर कंपनीच्या भाड्याच्या घरांत राहिलो, आता लहानपणी बापाबरोबर मासे धरले त्या टॅनरच्या काठी एकदा चाकं काढून बसायचं.

"हीच जागा," तो खिडकीतून म्हणाला. त्याला एका दमात तीन-चार शब्दच जमायचे. "चौदा नंबर. बस. ठरलं."

"थांब जरा," ग्लेंडा म्हणाली. "मी एक चक्कर मारून येते."

ती काठापासून मागच्या डोंगराकडे चालत गेली, घड्याळ बघत. बाहेर पडायला गाडीरस्ता एकच. तो ओढ्यावरच्या सिमेंटच्या बुटक्या पुलावरून जायचा. पूल कसला, फरशीच ती, ओढ्यापासून हातभर उंच. नदी फुगली की ओढा तुंबणार आणि सगळ्यात आधी ती फरशी पाण्याखाली जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग उरली डोंगरावर जाणारी पायवाट. खडी, दगडांची. ती वरपर्यंत चढली. चार मिनिटं.

त्याच सकाळी दवाखान्याच्या दारापासून ट्रकपर्यंत यायला हर्शेलला अकरा मिनिटं लागली होती. सपाट जमिनीवर. दोनदा बसून.

ती वर उभी राहून खाली बघत राहिली. हर्शेल अजूनही ऐंशी किलोचा होता. ती त्याला ओढेल, ढकलेल, पाठुंगळीला घ्यायचा प्रयत्न करील, आणि अर्ध्या वाटेत दोघं बसतील. पाणी काही त्यांच्यासाठी बसून राहणार नाही. हे त्याला सांगायचं कसं? खाणीत छत खचलं तेव्हा याच माणसाने लाकडी खांब खांद्यावर तोलून दोघा साथीदारांना बाहेर काढलं होतं. त्याला काय म्हणायचं, की बाबा रे, तू मला जड आहेस?

ट्रकमध्ये बसताना ती म्हणाली, "डास फार असतील इथं."

हर्शेलने वळून तिच्याकडे पाहिलं. "डास? अडतीस वर्षं... उंदरांच्या पंगतीला जेवलो मी. डासांना भिऊ?"

"स्नानघर लांब आहे."

"ट्रेलरमध्ये आहे ना!"

"ओल तुझ्या छातीला बरी नाही."

"ड्रायव्हरीणबाई," तो म्हणाला. रागावला की तो तिला याच नावाने हाक मारायचा, आणि लाडात आला तरी याच नावाने. "खरं बोल. पाण्याला भितेस तू."

"हो, भिते," ग्लेंडा म्हणाली, आणि ट्रक सुरू केला.

तिच्या भित्रेपणाची गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना पाठ होती. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी शाळेच्या वाटेवरच्या पुलावरून बोटभर पाणी वाहत होतं. बोटभरच! बसमध्ये एकोणीस मुलं. ग्लेंडाने बस थांबवली ती थांबवलीच. मुलांची परीक्षा बुडाली, पालक तावातावाने शाळेत गेले, मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत तिला झापलं. कारण पाणी पुढे वाढलंच नाही. दुपारी ओसरलं, पूल वाळला. तेव्हापासून तिचं नाव पडलं ते 'थांबणारी ग्लेंडा'. सावध माणसाचं हेच असतं. संकट आलं नाही की तो वेडा ठरतो, आणि आलं तर शाबासकी द्यायला कुणाला सवड नसते. सत्तावीस वर्षांत तिच्या बसमधल्या एकाही मुलाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याबद्दल तिचा सत्कार कुणी केला नाही.

दुसरं कॅम्पग्राउंड त्याच डोंगराच्या माथ्यावर, पायवाट जिथे संपायची तिथे, हमरस्त्याला लागून, खताच्या दुकानामागे होतं. खडीचं सपाट मैदान. समोर गॅसची भलीमोठी चंदेरी टाकी. झाड म्हणावं असं एकही नाही.

"नदी कुठंय?" हर्शेलने तिथल्या मालकीण म्हातारीला विचारलं.

"नदी?" म्हातारी विचारात पडली. "रविवारी रस्त्यावर ट्रक नसतात, तेव्हा ऐकू येते."

ग्लेंडाने ट्रेलर मागे घेत जागेवर लावला. बहुतेक जोडप्यांत नवरा गाडी मागे घेतो आणि बायको मागे उभी राहून हातवारे करते. यांच्यात उलटं होतं. हर्शेल मागे खुर्चीत बसून हातानेच सांगायचा, डावीकडे, उजवीकडे, बस्स. ती आरशात त्याचा हात बघायची. त्या दिवशीही त्याने सगळ्या खुणा बिनचूक केल्या. शेवटी मूठ वर केली, थांब. मग हात खाली घेतला आणि टाकीकडे तोंड करून बसला. उठला तो रात्रीच्या जेवणालाच.

"चाकं काढू या का?" तिने राजमा आणि मक्याचा पाव पुढे ठेवत विचारलं.

"इथं?" तो म्हणाला. "टाकीचं तोंड बघायला? असू देत."

बाई, काय कमी घालून पाडून बोलला का तो त्या उन्हाळ्यात! डास चावला नाही तरी मांडीवर चापट मारायचा. "बघ, इथंही आले! नदीवरून चढून आले बिचारे, चार मिनिटांत." ते 'चार मिनिटांत' ऐकून ती एकदा दचकली होती, पण तो हसत होता, तिने सोडून दिलं. मैदानाच्या कडेला एका फटीतून खालचं वळण दिसायचं. तिथे तो रोज दुर्बीण घेऊन बसायचा आणि खालच्या लोकांच्या बातम्या द्यायचा. कुणी किती मासे धरले, कुणाचं भांडण झालं. दर गुरुवारी वेन्डेल मासे घेऊन वर यायचा, दोघं सोंगट्या खेळायचे. ग्लेंडा जवळ आली की दोघांचं बोलणं थांबायचं. ती मनात म्हणायची, बोला, खुशाल बोला, थांबणाऱ्या ग्लेंडाबद्दलच चाललं असेल.

जुलैत एका दुपारी ती कपडे वाळत घालत होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. एकाएकी तिला चिखलाचा वास आला. तिने हातातला टॉवेल टाकला आणि फटीपाशी धावली. नदी तांबूस झाली होती, आणि फटीपाशी एरवी येणारा तिचा आवाज बंद झाला होता. उथळ पाणी खळखळतं, खोल पाणी बोलत नाही. वरच्या डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला असणार.

"हर्शेल, हॉर्न वाजव!" ती ओरडली. "ट्रकचा हॉर्न! थांबू नकोस!"

आणि ती पायवाटेने खाली पळाली. डोंगरावरून हॉर्नचा आवाज येत राहिला, भों, भों, मधे धाप लागल्यासारखा थांबत. खाली लोक खुर्च्या टाकून पाण्यात पाय सोडून बसले होते. हातात बियर.

"या, मिस ग्लेंडा!" वेन्डेल ओरडला. "पाय बुडवून घ्या! नदी घरी आलीय!"

"उठा! वर चला सगळे! आत्ता!"

कुणी उठलं नाही. कुणाचीतरी बर्फाची पेटी तरंगत निघाली तसा एकच हशा पिकला. चौदा नंबरवर तेव्हा ओहायोचं एक कुटुंब होतं. त्यांच्या ट्रेलरच्या पायरीखाली वीतभर अंतर ठेवून पाणी थांबलं. एखादा माणूस दारात उभा राहून आत डोकावतो, तसं ते थोडा वेळ थांबलं आणि मागे गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागे वळून ओढ्याकडे कुणी पाहिलंच नाही. फरशी केव्हाच पाण्याखाली गेली होती. पुढचे तीन तास ती दिसली नाही. तेवढा वेळ खालची एकही गाडी बाहेर पडू शकली नसती, आणि हे फक्त ग्लेंडाला कळलं.

ती वर आली तेव्हा हर्शेल ट्रकमध्ये हॉर्नवर हात ठेवून बसला होता. ओठ निळे पडले होते, तरी बोलायची हौस गेली नव्हती. "काय झालं? नदी आली... चहा घेतला... गेली?"

"हो," ती म्हणाली आणि त्याची नळी नीट करू लागली. नळी तिला दोनदा बसवावी लागली. त्याने ते पाहिलं. मग का कोण जाणे, त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. बराच वेळ. डासांबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही.

आठवड्याने ओहायोचं कुटुंब निघून गेलं. चौदा नंबर पुन्हा मोकळा झाला.

हर्शेल सप्टेंबरात गेला. दुपारचं जेवण झालं होतं, तो बाहेर खुर्चीत होता. ग्लेंडा आत भांडी घासत होती. खिडकीतून त्याचा आवाज आला, "आज रविवार ना गं?"

"रविवारच. का?"

"ऐकू येतेय."

ती हात पुसत बाहेर आली तोवर संपलं होतं. यंत्र सुरूच होतं, नळीतून हवा येत होती. समोर चंदेरी टाकी उन्हात चमकत होती. ग्लेंडा त्याच्या पायांशी बसली आणि कान देऊन ऐकू लागली. तिला नदी ऐकू आली नाही. तिला फक्त यंत्र ऐकू येत होतं. ते बंद करायचं तिला सुचलंच नाही, म्हातारीने येऊन बंद केलं.

पूर आला नाही. सगळा उन्हाळा गेला, पूर आला नाही! तो आला असता तर निदान मनाला सांगता आलं असतं, की बघ, वाचवलं मी तुला. आता सांगायचं काय? मरणाऱ्या माणसाने एक नदी मागितली, आणि मी त्याला गॅसची टाकी दाखवली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्लेंडाने ट्रेलर ट्रकला जोडला आणि त्या बुटक्या पुलावरून खाली आणला. बरीच मंडळी थंडीआधी आपापल्या गावी गेली होती, त्यांचे बिनचाकांचे ट्रेलर काठाने बसून होते. वेन्डेल आणि त्याची बायको तेवढी होती. चौदा नंबरवर ती ट्रेलर मागे घेऊ लागली तसा वेन्डेल धावत आला.

"थांबा, मी मागून हात दाखवतो!"

"नको," ती म्हणाली. "जमेल मला."

तिने सवयीने आरशात पाहिलं. आरशात नदी होती. ती एका दमात मागे आली आणि जिथे त्याने मूठ वर केली असती, तिथे थांबली.

"चाकं काढ," तिने खाली उतरून वेन्डेलला सांगितलं.

वेन्डेल चपापला. "आज? अहो, रेडिओ ऐकला नाहीत का? दक्षिणेच्या आखातातून वादळ निघालंय म्हणे. शनिवारपर्यंत इकडे येईल. आम्हीसुद्धा उद्या वर म्हातारीकडे जातोय. जुलैपासून हिला झोप नाही."

"ऐकलंय. तू काढ."

त्याने जॅक लावला. एकेक चाक काढून ट्रेलरखाली रचलं. बोल्ट पिळताना त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. शेवटच्या चाकाशी तो थांबला आणि हात पुसू लागला.

"मिस ग्लेंडा, एक सांगायचंय. हर्शेलने शपथ घातली होती, पण आता..."

"सांग."

"त्याला ठाऊक होतं. डास नि ओल नि ते सगळं. पहिल्याच गुरुवारी दम खात खात मला म्हणाला, 'ती घड्याळ बघत डोंगर चढत होती रे, मी ट्रकमधून बघत होतो. मला उचलून तिला चढता येणार नाही. ते तिला माझ्या तोंडावर बोलवत नाही.' मी म्हटलं, मग उगाच का टोचून बोलतोस तिला? तर म्हणाला, 'मी डासांवरून भांडतो म्हणजे तिला वाटतं मला कळलं नाही. तसंच वाटू दे. मला कळलंय हे तिला कळलं, तर तिला राहवणार नाही, ती मला खाली घेऊन येईल आणि माझ्याबरोबर बुडेल.'"

आडोशाला जाऊन रडावं असा काही ग्लेंडाचा स्वभाव नव्हता. ती तिथेच, उघड्यावर, वेन्डेलसमोर रडली. जुलैतल्या त्या दुपारी धरून ठेवलेला हात तिला आठवला. अरे लबाडा, ती म्हणाली, अरे लबाडा.

वेन्डेल टोपी हातात घेऊन उभा राहिला. नदी उथळ होती, बडबडत होती. वर बेचक्यातली निळी चिंधी वाऱ्याने फडफडायला लागली होती. वारा दक्षिणेकडून येत होता.

रडणं थांबल्यावर ग्लेंडा कामाला लागली. तिने ट्रेलरपासून ट्रक सोडवला, पुलावरून पलीकडे नेला, वर खताच्या दुकानामागे तोंड रस्त्याकडे करून लावला आणि पायवाटेने चालत खाली आली. मग ट्रेलरमधून दोन्ही खुर्च्या बाहेर काढल्या. त्याची आणि तिची. नदीकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवल्या. बाकाच्या साखळीचं उरलेलं टोक घेतलं, हर्शेलच्या खुर्चीच्या दोन्ही हातांतून ओवलं, पांढऱ्या झाडाला दोन वेढे दिले आणि कुलूप लावलं. ओढून पाहिलं. हललं नाही.

वेन्डेलने तिच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"तिला नको," ग्लेंडा खुर्चीत बसत म्हणाली. "मला चालता येतं."